सलोखा सुरू आहे

विज्ञानकथा वाचणारी माणसं मुळात भांडखोर असतात. प्रेमकथा वाचणारा डोळे पुसतो, रहस्यकथा वाचणारा शेवटचं पान आधी उघडून बघतो आणि विज्ञानकथा वाचणारा पेन्सिल घेऊन बसतो. या ग्रहावर दिवस तीस तासांचा आहे ना, मग नायिका रोज सकाळी सातलाच कशी उठते? मी स्वतः त्यांतलीच. नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे चूक दिसली की हात शिवशिवतात.

निवृत्ती जवळ आली तेव्हा मी ठरवलं, अशा भांडखोरांचं एक वाचक मंडळ काढायचं. तेही ऑनलाइन, कारण अख्ख्या नांदेडात विज्ञानकथा वाचणारे मला दोनच सापडले होते, एक मी आणि दुसरी निलोफर. निलोफर दातांची डॉक्टर, माझ्याच इमारतीत खाली तिचा दवाखाना. ती म्हणाली, "शैलजा, माझ्यासमोर दिवसभर माणसं तोंड उघडून बसतात, पण बोलत एक जण नाही. काढच तू मंडळ."

नियम मी केले. महिन्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, एकच लघुकथा. ती कोणी निवडायची याची पाळी ठरलेली. आणि प्रत्येकाने गोष्टीतली एक तरी खोट काढायची. विज्ञानाची खोट, तर्काची खोट, काहीही चालेल, पण खोट काढल्याशिवाय कौतुक करायला बंदी. कौतुक करणारी मंडळं गल्लोगल्ली आहेत, आम्हाला त्यांत भर घालायची नव्हती. मंडळाचं नाव निलोफरने सुचवलं, 'एक खोट'.

सभा 'ओसरी' या अॅपवर भरायची. आता फोन करायचा असो की लग्नाची बोलणी, सगळं जग ओसरीवरच असतं. कानात इअरबड घातले की झालं. पहिल्या सभेला सहा जण आले आणि दोघं रागावून निघून गेले. दुसऱ्या सभेत रत्नागिरीचे पाध्ये सर, जहाजांवरचे निवृत्त इंजिनिअर, रॉकेटच्या इंधनावरून एवढे तापले की त्यांच्या सुनेने येऊन टॅब काढून घेतला. मी खूश होते. मंडळ जिवंत होतं.

पुढे हळूहळू मंडळ निवळत गेलं. खोट निघायची, पण मऊ झाली होती. कोणी कोणाचं बोलणं मध्येच तोडेना. माणसं वाढली, अकरा जण नियमित येऊ लागले, आणि सभा संपली तरी कोणी उठेना. अकरा मराठी माणसं, विषय साहित्याचा, आणि भांडण नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण श्रेय घ्यायची संधी कोण सोडतं? मी मनात म्हटलं, चांगल्या शिक्षिकेचा वर्गावर परिणाम होतोच.

याच सुमारास व्यंकट मंडळात आला.

व्यंकट माझा नवरा होता. आमचा घटस्फोट होऊन सात-आठ वर्षं झाली होती, तो सोलापूरला राहायला गेला होता. कॉलेजात असल्यापासून ओळख, त्यामुळे 'अहो-जाहो' कधी नव्हतंच आमच्यात. तो पुलांची तपासणी करणारा इंजिनिअर. गावोगावच्या पुलांखाली उभं राहून हातोडीने ठोकून बघायचं आणि तडा कुठे आहे ते सांगायचं, हा त्याचा धंदा. हीच सवय घेऊन तो घरी यायचा. आमटीत तडा, माझ्या बोलण्यात तडा. माझीही जीभ काही कमी नव्हती. पण आमचं जे तुटलं ते एका संध्याकाळी तुटलं, असं मी तरी मानते.

मी तेव्हा एक विज्ञानकथा लिहिली होती, आयुष्यातली पहिलीच. अवकाशात एक प्रचंड आरसा सोडलाय, तो नांदेडच्या बरोबर डोक्यावर स्थिर उभा आहे आणि रात्रीसुद्धा गोदावरीच्या काठावर ऊन पाडतोय. कॉलेजातल्या सहकाऱ्यांना घरी जेवायला बोलावलं आणि वाचून दाखवली. वाचन संपलं, कोणी काही बोलायच्या आत व्यंकट म्हणाला, "हे होऊच शकत नाही. एका जागी स्थिर दिसणारा उपग्रह फक्त विषुववृत्तावर राहतो. नांदेडच्या डोक्यावर कसा राहील? आणि तू म्हणे भौतिकशास्त्र शिकवतेस." सगळे हसले. तो बरोबर होता. माझी चूक अकरावीच्या पोरानेही काढली असती. त्या दिवसानंतर मी कथा लिहिली नाही.

तर असा हा व्यंकट मंडळात आला. एका सदस्याने बोलावलं, त्याला आमचं नातं माहीत नव्हतं. पडद्यावर त्याचं तोंड दिसलं तेव्हा मी सभा बंदच करणार होते. केस पांढरे झाले होते, चष्मा तोच. पण तो बोलायला लागला आणि मी ऐकतच राहिले. तो गोष्टीविषयी समजून बोलत होता, इतरांचं ऐकून घेत होता. माझ्या मुद्द्यावर म्हणाला, "शैलजा म्हणते त्यात तथ्य आहे." आमच्या सबंध संसारात हे वाक्य कधी उच्चारलं गेलं नव्हतं.

दोन-तीन महिन्यांनी एका गोष्टीवर चर्चा चालली होती. तिच्यात एक शास्त्रज्ञ भर सभेत आपल्या मित्राचं गणित चुकीचं ठरवतो. व्यंकट थोडा थांबला आणि म्हणाला, "लोकांसमोर आपल्या माणसाची चूक दाखवायची नसते. मी एकदा दाखवली होती. त्या दिवशी मी चुकलो. मला आजही त्याचं वाईट वाटतं."

मी कॅमेरा बंद केला आणि रडले. का ते सांगायला नको.

मग आम्ही दोघंच बोलू लागलो, ओसरीवरच. आठवड्यातून एकदा, मग रोज. लिहून बोलायची त्याला कधी सवय नव्हती. त्याचे निरोप म्हणजे 'ठीक', 'हो', 'पोचलो'. पण बोलायचा मात्र छान. एके दिवशी म्हणाला, "शैलजा, उरलेली वर्षं तुझ्या सोबतीने घालवावीत असं मनापासून वाटतं. सोलापूरला ये. पुन्हा सुरुवात करू." मी दोन दिवस मागून घेतले आणि हो म्हणाले. त्या एका 'मी चुकलो'वर मी हो म्हणाले, हे मला तेव्हाही माहीत होतं. नांदेडचं घर भाड्याने द्यायचं ठरलं. भाडेकरूही मिळाले, ते दसऱ्यानंतर येणार होते. निम्मी पुस्तकं खोक्यांत गेली.

त्या महिन्याच्या सभेच्या दिवशी आमच्या रस्त्यावर खोदकाम चाललं होतं आणि निलोफरच्या दवाखान्याचं नेट बंद पडलं. ती टॅब घेऊन वर माझ्याकडे आली. आवाज घुमू नये म्हणून ती स्वयंपाकघरात बसली, मी बाहेरच्या खोलीत. माझा एक इअरबड चार्जिंगला होता, त्यामुळे एक कान उघडा. गोष्ट पाध्ये सरांनी निवडलेली, खोल समुद्रातल्या पाणबुडीची.

निलोफरची पाळी आली. स्वयंपाकघरातून तिचा खणखणीत आवाज माझ्या उघड्या कानावर पडला. "सर, ही गोष्ट म्हणजे नुसता फुगा आहे. एवढ्या खोलीवर खिडकीची काच राहील का? चुरा होईल तिचा. तुम्ही जन्म जहाजांवर काढलात, ही गोष्ट निवडताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

दीड सेकंदाने तिचाच आवाज, तिच्याच खणखणीत लकबीत, माझ्या दुसऱ्या कानात आला. "सर, गोष्ट मनाला भिडली. समुद्राची खोली आणखी थोडी जाणवली असती तर बहार आली असती. तुमचा अनुभव निवडीत दिसतो."

पडद्यावर निलोफरचे ओठ दुसऱ्या वाक्याप्रमाणे हलत होते. पाध्ये सर हसून म्हणाले, "धन्यवाद, डॉक्टर."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिच्या कानातला इअरबड ओढून काढला. "काय झालं?" ती दचकून म्हणाली. मी म्हटलं, "तू आत्ता काय बोललीस ते पुन्हा बोल."

पुढचे दोन दिवस मी ओसरीविषयी मिळेल ते वाचत होते. ओसरीच्या सेटिंगमध्ये, सहज नजर जाणार नाही अशा कोपऱ्यात, एक हिरवा ठिपका होता आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'सलोखा सुरू आहे'. वर्षभरापूर्वी नवी आवृत्ती आली तेव्हा आपण सगळ्यांनी न वाचता 'मान्य' दाबलं, त्यात हे आलं होतं. लपवलेलं काही नव्हतं. सगळं लिहिलेलं होतं, फक्त कोणी वाचलं नव्हतं. वाचक मंडळाने तर नाहीच.

तंत्र असं आहे. ग्राहकांच्या शिव्या खाऊन फोनवरची मुलं नोकऱ्या सोडून जात, म्हणून त्यांच्यासाठी हे आधी बनवलं गेलं. ग्राहकाचं ओरडणं मुलांच्या कानात पोचेपर्यंत साधी तक्रार होऊन जायचं. पुढे ते सगळ्यांसाठी आलं. बोलणाऱ्याचं वाक्य यंत्र दीड सेकंद अडवून धरतं, त्याचा आशय काढतं, नव्या शब्दांत मांडतं आणि बोलणाऱ्याच्याच आवाजात ऐकणाऱ्याला देतं. ओठांची हालचालही नव्याने काढतं. नेट संथ आहे म्हणून आपण ज्या विलंबाला शिव्या देतो, तो हाच. आणि काय बदलायचं हे ते ऐकणाऱ्याच्या कानावरून ठरवतं. इअरबड कानाच्या आतली नाडी मोजत असतात. कुठल्या शब्दाला नाडी चढली, कुठल्याला उतरली, हे यंत्र दर वेळी शिकतं. त्याला बोलण्याचा अर्थ आपल्यासारखा कळत नाही, पण माझी नाडी माझ्यापेक्षा चांगली कळते. सुरुवातीला ते फक्त बोलण्याची धार बोथट करायचं. मग दर महिन्याला थोडं थोडं पुढे गेलं. संभाषण तुटू नये एवढंच त्याला शिकवलेलं, आणि माझ्या बाबतीत संभाषण कशाने तुटत नाही हे त्याला बरोब्बर सापडलं होतं.

आपल्याकडे लग्न जमवणारे मध्यस्थ असत. ते मुलीकडच्यांना एक सांगत, मुलाकडच्यांना दुसरं, आणि लग्न लागून जाई. हा तसलाच मध्यस्थ. प्रत्येक सदस्याला त्याने वेगळी सभा ऐकवली होती आणि सगळ्यांचा ताळमेळही राखला होता.

सगळ्यात लाज वाटली ती एका गोष्टीची. उन्हाळ्यात आम्ही मंडळात नेमकी अशाच यंत्रावरची एक कथा वाचली होती. दोन ग्रहांच्या राजदूतांमध्ये भाषांतर करणारं यंत्र बोलणं बदलून सांगतं आणि युद्ध टळतं. त्या दिवशी अकराही जणांनी एकच खोट काढली होती: एवढं बदललं तर ऐकणाऱ्याला कळणार नाही का? हे आम्ही सलोखा सुरू ठेवून बोललो होतो.

मी निलोफरला विचारलं, "त्या शास्त्रज्ञाच्या गोष्टीच्या वेळी व्यंकट काय म्हणाला होता, आठवतं?"

ती विचारात पडली. "हो की. पेशंटच्या कलाने घ्यावं, घाई करू नये, असं काहीतरी. मला फार पटलं होतं."

म्हणजे 'मी चुकलो' हे फक्त माझ्याच कानात आलं होतं.

सलोखा ऐकणाऱ्याने आपल्यापुरता बंद करायचा असतो. मी माझा बंद केला, निलोफरने तिचा. पुढच्या सभेत मी सगळ्यांना सांगितलं, स्पष्ट शब्दांत, "आपण एकमेकांचं खरं बोलणं ऐकतच नाही आहोत. हे यंत्र आपली वाक्यं बदलतंय. सगळ्यांनी ते बंद करा." दीड सेकंद गेला. नऊ चेहऱ्यांवर हसू आलं. पाध्ये सर म्हणाले, "मॅडम, फारच सुंदर मांडलंत तुम्ही." कोणी टाळ्या वाजवल्या. यंत्राविरुद्धची तक्रार यंत्रातूनच गेली होती, ती काय होऊन पोचली देव जाणे.

पुढे मी व्यंकट सोडून बाकीच्यांना लिहून कळवलं, तेव्हा त्यांतल्या निम्म्यांनी तरीही सलोखा बंद केला नाही. पाध्ये सरांनी उत्तर लिहिलं, "मॅडम, खरं बोलणारी माणसं माझ्या घरात भरपूर आहेत. महिन्यातून दोन तास कोणी गोड बोललं तर माझं काही बिघडत नाही." मला त्यांचा राग आला नाही. पण माझा प्रश्न दोन तासांचा नव्हता.

त्याच सभेत मी व्यंकटला पहिल्यांदा आहे तसा ऐकला. आवाज जरा घोगरा, वाक्यं तुटक. "गोष्ट टाकाऊ आहे. लेखकाला वजन आणि वस्तुमान यातला फरक माहीत नाही. आणि शैलजा, तू नेहमीसारखी मुद्दा सोडून बोलायलीस." मला संताप आला. आणि संतापाच्या खाली कुठेतरी असंही वाटलं, अरे, हा तर व्यंकट. इतके दिवस हा कुठे होता?

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. त्याच्या बाजूचा सलोखा सुरूच होता, मी त्याला अजून काही सांगितलं नव्हतं. त्याचा चेहरा बघितला आणि माझ्या लक्षात आलं, आज मी याला काहीही बोलू शकते. आणि मी बोलले.

"व्यंकट, माझा तुझ्यावर राग आहे. तो गेलेला नाही. त्या दिवशी तू बरोबर होतास, म्हणूनच जास्त आहे. चुकीचं बोलला असतास तर मी केव्हाच विसरले असते. त्यानंतर मी एक ओळ लिहिली नाही. तुला ते कधी कळलंसुद्धा नाही."

तो मान तिरपी करून ऐकत होता. दीड सेकंदाने त्याचा चेहरा उजळला. "किती मायेनं बोलायलीस आज."

"तू दगड आहेस, दगड."

"मलापण," तो म्हणाला आणि चक्क लाजला.

मला आधी हसू आलं. मग रडू आलं, आणि मग भीती वाटली. जिच्याशी हा माणूस इतक्या प्रेमाने बोलत होता ती बाई मी नव्हते. त्याची आणि तिची गाठ कोणीतरी परस्पर घालून दिली होती. माझं काळीज मी त्याच्यासमोर काढून ठेवलं आणि त्याला त्यातलं काही दिसलं नाही. त्याने लोकांसमोर माझं हसं केलं होतं तेव्हासुद्धा मी इतकी एकटी नव्हते. निदान तेव्हा त्याने माझी गोष्ट ऐकली तरी होती.

हे लिहून कळवता आलं असतं. पण मला ते त्याच्या तोंडासमोर बोलायचं होतं. मी सोलापूरची गाडी पकडली.

त्याने दार उघडलं. घर टापटीप. कपाटाचा अर्धा भाग माझ्यासाठी रिकामा करून ठेवला होता, ते त्याने मला आधी दाखवलं. मग आम्ही बसलो आणि मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, भुवया वर जात होत्या. संपल्यावर म्हणाला, "तुझ्या घरच्या नेटचा काहीतरी घोटाळा असेल."

"नेट वाक्यं रचत नाही, व्यंकट."

"ठोकून बघू मग," तो उठत म्हणाला. "पुराव्याशिवाय मी मानत नसतो."

पुलाखाली उभा राहिल्यासारखा तो कामाला लागला. मी स्वयंपाकघरात, तो झोपायच्या खोलीत, मधली भिंत विटांची पण पातळ. दोघांनी एकेक कान मोकळा ठेवायचा, एकाने मोठ्याने बोलायचं, दुसऱ्याने दोन्ही कानांनी ऐकायचं. मी सलोखा पुन्हा सुरू केला.

"मला भेंडी आवडत नाही," भिंतीतून आलं. इअरबडमधूनही तेच आलं, तसं मी त्याला सांगितलं.

"बघ," भिंतीपलीकडून तो ओरडला. "काही फरक नाही."

"मला न बोचणारं काहीतरी बोललास. बोचणारं बोल."

मग भिंतीतून आवाज आला, "तुझी ती आरशाची गोष्ट मला आवडली नव्हती." आणि कानात आलं, "तुझी ती आरशाची गोष्ट मला उशिरा समजली."

मी दोन्ही वाक्यं ओरडून सांगितली. "आता तू बोल," तो शेवटी म्हणाला.

मी कट्ट्याला टेकले, डोळे मिटले आणि फोनवर बोलले होते तेच पुन्हा बोलले. राग आहे. तो गेलेला नाही. तू बरोबर होतास म्हणून जास्त आहे. त्यानंतर मी एक ओळ लिहिली नाही.

मग तो दारात येऊन उभा राहिला. इअरबड त्याच्या मुठीत होता. त्याचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता, घटस्फोटाच्या दिवशीही नाही.

"हे तू आधी का नाही बोललीस?"

"बोलले होते. गेल्याच आठवड्यात. तू म्हणालास, किती मायेनं बोलायलीस."

तो खुर्चीवर बसला. "इथून मला ऐकू आलं," त्याने मुठीकडे बघत म्हटलं, "की तू इतकी वर्षं माझी वाट बघत होतीस."

"असं मी कधीच म्हणाले नाही."

"एकदाही नाही?"

"नाही."

त्याने मान हलवली. मला त्याची दया आली आणि दया आल्याचा रागही आला. इतके महिने हा माणूस त्या वाक्यावर जगत होता, जशी मी माझ्या वाक्यावर. मग मी ज्याच्यासाठी आले होते ते विचारलं.

"त्या शास्त्रज्ञाच्या गोष्टीच्या दिवशी मला ऐकू आलं, की तू म्हणालास, त्या दिवशी मी चुकलो. तू काय म्हणाला होतास?"

त्याने चष्मा काढून पुसला. खोटं बोलणं त्याला सोपं होतं. हो म्हणायचं, की संपलं. नांदेडचे भाडेकरू आले असते, खोकी इथे आली असती, आणि मी त्यावर विश्वासही ठेवला असता, कारण ठेवायचा होताच.

"मी म्हणालो," तो सावकाश म्हणाला, "की चूक दिसली तर सांगायची. लोकांसमोर सांगितली तर लवकर दुरुस्त होते. मी घरातही तेच केलं. त्यापायी घर गेलं, पण मुद्दा बरोबर होता."

"एवढंच?"

"एवढंच."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. खाली कोणीतरी गाडी धूत होतं. मला वाटलं होतं की मी तिथून ताडकन उठेन. पण पाय हलले नाहीत, कारण त्या वाक्यात 'त्यापायी घर गेलं' हे होतं, आणि ते यंत्राने घातलेलं नव्हतं.

"तू लिहायचं सोडलंस, हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं, तुझ्याकडे वेळ नसेल. माझ्यामुळे सोडलं असशील तर वाईट झालं."

"असशील तर नाही. तुझ्यामुळेच सोडलं."

त्याला वाद घालायचा होता, मला दिसत होतं. मी बरोबर होतो, हे त्याच्या ओठांवर येऊन बसलं होतं. ते त्याने गिळलं. दीड सेकंदापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला त्याला.

"मग वाईट झालं," तो म्हणाला.

माझे डोळे भरून आले. मध्यस्थाने दिलेली माफी केवढी तरी मोठी होती, तिच्यात सगळं होतं. ही अर्धीमुर्धी, ओढून काढलेली. पण हिच्यासाठी त्याला काहीतरी सोडावं लागलं होतं. मी डोळे पुसले आणि विचारलं, "आणि सोलापूरला ये म्हणालास, तेव्हा काय म्हणाला होतास? उरलेली वर्षं, सोबत, पुन्हा सुरुवात, हे सगळं तुझं नसणार."

"सोबत वगैरे मी कशाला म्हणेन?" तो खरंच दचकला. "मी म्हणालो, एकट्यानं जेवायचा कंटाळा आलाय. तुलाही आला असेल. तू कबूल करणार नाहीस, पण आला असेल."

मला हसू फुटलं. आवरेना. हे वाक्य बदलायची त्या शहाण्या यंत्राला काय गरज होती? ते जसंच्या तसं आलं असतं, तर माझी नाडी चढली असती, मी त्याला चार शब्द सुनावले असते आणि कदाचित त्याच दिवशी इथे आले असते.

"आलाय," मी म्हणाले.

"काय?"

"कंटाळा. आलाय मलाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. ऐकलेलं खरं आहे का, हे ठोकून बघावं की नाही असा त्याचा चेहरा. मग हळूच विचारलं, "म्हणजे राहणार तू?"

"भाडेकरूंना नको म्हणून सांगणार आहे मी. माझं घर मी सोडत नाही. आज जेवते. उद्यापासून पुढचं काय, ते भांडून ठरवू. तोंडाने."

"भांडायला मी तयार आहे," व्यंकट म्हणाला आणि उठून त्याने दोन ताटं घेतली. भाकरी वाढली, शेंगाची चटणी वाढली, तेलाची बाटली पुढे सरकवली. आणि मी पहिला घास तोंडात घालायच्या आत म्हणाला, "पण तो आरसा नांदेडवर राहू शकत नाही, हे तुला मान्य आहे ना?"

"गप जेव," मी म्हणाले. तो गप जेवायला लागला.